लंडनला शिकताय? एक तरी संगीतनाटक बघाच

लातूर, परभणी, नांदेडहून लंडनला शिकायला गेलेल्या पोरापोरींनो, महाग म्हणून तिथलं संगीतनाटक, म्हणजे म्युझिकल, टाळू नका. लेस्टर स्क्वेअरमधल्या टीकेटीएस (TKTS) या तिकीट-केंद्राच्या खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटं सवलतीत मिळतात. काही थिएटरं सकाळी थोड्या जागा स्वस्तात काढतात. खांबाआडची खुर्चीही स्वस्त असते. एकट्याला तेवढी पुरते.

पण पैशापेक्षा तयारी महत्त्वाची. तिथं कथा गाण्यांतून पुढं सरकते, आणि चांगलं इंग्रजी येणाऱ्यालाही गायलेले शब्द पटकन पकडता येत नाहीत. आपल्याकडं नाथांचं भारूड ऐकताना विंचू म्हणजे काम-क्रोध हे आधीच ठाऊक असतं, म्हणून तर ओळ न् ओळ भिडते. तसंच इथं करा. आदल्या रात्री कथानक वाचा, दोन-तीन गाणी कानावरून जाऊ द्या. शेवट आधी कळला तरी काही बिघडत नाही. उलट डोळे रंगमंचावर मोकळे राहतात, आणि नेपथ्य, नाच, समोरच्या खड्ड्यात बसलेला वाद्यवृंद हे सगळं बघायलाच तर आपण गेलेलो असतो.

अर्धा तास आधी पोचा. प्रयोग सुरू झाल्यावर आलेल्यांना योग्य प्रसंग येईपर्यंत बाहेरच थांबवतात.