कॅरव्हान घेऊन सोन्याच्या गावांना निघताय? या चुका टाळा

मेलबर्नहून बॅलरॅट, कॅसलमेन, माल्डन, बेंडिगो आणि पुढे मरे नदीकाठचं एचुका. मुलांना घेऊन कॅरव्हानने, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घराने, फिरायला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात याहून चांगली वाट क्वचितच सापडेल. १८५१ मध्ये सोनं सापडल्यावर यातली बहुतेक गावं भराभर उभी राहिली. अंतरं कमी आणि रस्ते चांगले असल्यामुळे लोक तयारीत ढिलाई करतात, आणि बिघाड बहुधा घराच्या अंगणातच सुरू झालेला असतो.

सगळ्यात महागात पडते ती वजनाची चूक. ‘गाडी २५०० किलो ओढते’ एवढं वाचून मंडळी निर्धास्त होतात. पण कॅरव्हानच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टो-बॉलवर (कॅरव्हान जिथे अडकवतात तो गाडीमागचा गोळा), म्हणजे आपल्या गाडीवरच येतो. कॅरव्हान २२०० किलोची असेल तर २२० किलो. गाडीची माणसं-सामान वाहण्याची क्षमता ६०० किलो धरा. त्यातून हे २२०, चौघांचे २५० आणि टो-बारचे (तो गोळा बसवलेल्या दांड्याचे) ४० वजा केले की हातात उरतात ९० किलो. डिकीतला तंबू, आइसबॉक्स आणि तांदळाची पिशवी एवढ्यातच ते संपतात. म्हणून सगळं भरून एकदा सार्वजनिक वजनकाट्यावर जा आणि आकडे दोन्ही वाहनांवर वजनमर्यादा लिहिलेल्या प्लेटशी ताडून पाहा. पाणी लिटरला एक किलो भरतं. मुक्कामाच्या पार्कात नळ असतोच, मग दोन्ही टाक्या काठोकाठ भरून निघण्यात अर्थ नाही.

जड सामान चाकांच्या आसावर आणि तळाशी ठेवा. मागच्या बंपरवर सायकली आणि अवजारांची पेटी लादली की टो-बॉलवरचा भार हलका होतो आणि ट्रक शेजारून गेला की कॅरव्हान डोलू लागते. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका, वेगही वाढवू नका. स्टीअरिंग सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा आणि ब्रेक कंट्रोलरवरून (चालकाजवळच्या कॅरव्हान-ब्रेकच्या बटणावरून) फक्त कॅरव्हानचे ब्रेक हाताने लावा.

इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे एकदम मंद लुकलुकतात? बल्ब बदलत बसू नका. बहुतेक वेळा दोष अर्थिंगचा असतो. कॅरव्हानचे दिवे गाडीला जोडणाऱ्या सात पिनांच्या प्लगमधली तिसरी पिन आणि तिची पांढरी वायर आधी बघा, गंज चढला असेल तर घासून साफ करा.

मुक्कामी वीज घेण्याचा कॅरव्हानचा प्लग वेगळा, १५ अँपिअरचा असतो आणि त्याची अर्थ पिन रुंद असते, म्हणून तो घरच्या १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसत नाही. ती पिन कानशीने घासून बसवण्याचा उद्योग काही जण करतात. सॉकेट तापून आग लागू शकते. हे कधीही करू नका.

गावात शिरताना दुसरी मोठी चूक होते. माल्डन आणि बीचवर्थ (सोन्याचंच आणखी एक गाव) इथल्या जुन्या रस्त्यांवर दुकानांचे व्हरांडे फुटपाथवर आलेले आहेत आणि कडेला खोल दगडी गटारं आहेत. डाव्या कडेला फार खेटून गेलं की छताची कड व्हरांड्याला लागते, नाहीतर चाक गटारात उतरतं. कॅरव्हान पार्कातच ठेवा आणि गावात नुसत्या गाडीने जा. माल्डन तर पायीच बघावं. १९६६ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने ऑस्ट्रेलियातलं पहिलं ‘उल्लेखनीय गाव’ म्हणून त्याचीच निवड केली होती. ईस्टरला बेंडिगो गजबजलेलं असतं, जागा फार आधी राखून ठेवा.

गाडीपासून सोडवताना आधी कॅरव्हानच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मग हँडब्रेक, मग जॉकी व्हील (कॅरव्हानच्या पुढच्या टोकाचं छोटं चाक) खाली आणि शेवटी कपलिंग, साखळ्या आणि प्लग. क्रम चुकला तर उतारावर कॅरव्हान घरंगळते. कोपऱ्यांचे पाय फक्त स्थिर ठेवण्यासाठी असतात, त्यांनी कॅरव्हान उचलू नका. गॅसवर चालणारा फ्रिज नीट थंड होत नसेल तर कॅरव्हान समपातळीत आहे का, हे आधी तपासा.

आत कुकर लावला की छताची खिडकी आणि एक बाजूची खिडकी उघडी हवी. बंद जागेत वाफेने भिंती ओलावतात आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. मुलं चालत्या कॅरव्हानमध्ये झोपवणं बेकायदा आहे. सात वर्षांखालच्या मुलांना गाडीतच, योग्य चाइल्ड सीटमध्ये बसवायचं.

सोनं शोधायचं असेल तर आधी ‘मायनर्स राइट’ परवाना काढा, तो दहा वर्षं चालतो. कॅसलमेनच्या रानात जुन्या खाणींच्या विहिरी अजून उघड्या आहेत, गवतात दिसतही नाहीत. आखलेली वाट सोडायची नाही आणि लहान मुलांचा हात सोडायचा नाही.