एफ-१ वर असताना अमेरिकन नागरिकाशी लग्न: आम्ही गुंता कसा सोडवला

मी अमेरिकेत एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसाच्या दर्जावर, शिकत होते, होणारा नवरा तिथला नागरिक. आई-बाबांना लग्न पुण्यातच हवं होतं. पण माझ्या पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली. आय-२०, म्हणजे कॉलेजने दिलेलं विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र, चालू असलं की अमेरिकेत राहायला त्याने अडत नाही. बाहेर पडलं की मात्र परतण्याआधी मुंबईच्या वकिलातीतून नवा व्हिसा घ्यावा लागतो. आणि शिक्षण संपवून मायदेशी परतणार, हे तिथे पटवावं लागतं. नवरा अमेरिकेत असताना ते कसं पटवणार? खोटं तर मुळीच बोलायचं नाही, त्यातून कायमची प्रवेशबंदी होऊ शकते.

म्हणून आम्ही क्रमच बदलला. आधी तिथेच कोर्टात लग्न केलं. नुसत्या लग्नाने स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा, बदलत नाही, म्हणून आय-१३० (नवऱ्याने बायकोसाठी करायचा अर्ज) आणि आय-४८५ (माझा ग्रीन कार्डचा अर्ज) एकत्र भरले. सोबत कामाच्या परवान्यासाठी आय-७६५, प्रवासासाठी आय-१३१. हा प्रवास परवाना, म्हणजे ॲडव्हान्स परोल, हातात येण्याआधी एफ-१ वाल्याने देश सोडला तर आय-४८५ सोडून दिला असंच धरतात. ते थांबणं फार जड गेलं. आजी रोज फोनवर विचारायची. वर्ग मात्र चालूच ठेवले, कारण अर्ज फेटाळला असता तर एफ-१ हाच आधार होता.

परोल आला, मग पुण्यात मांडव पडला.

मुलाखतीला दोघांच्या नावाचा भाडेकरार आणि बँकेची कागदपत्रं नेली. लग्नाला २ वर्षं झाली नव्हती, त्यामुळे ग्रीन कार्ड सशर्त मिळालं, २ वर्षांचं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे ती अट काढण्याचा अर्ज, भरायचा आहे.