कोकणातील गुरांसाठी बिनतारी सेन्सर: निवड, बसवणी आणि रोजचा वापर

कोकणात भातकापणी आटोपली की गुरे मोकळी सोडण्याची रीत अजून पुष्कळ गावांत आहे, आणि पावसाळ्यात ती सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चरायला नेली जातात. पूर्वी वाडीवाडीला गुराखी असे. आता घरातील तरुण माणसे मुंबई-पुण्याला आणि गोठा सांभाळणारे आईवडील साठीच्या पुढचे, अशी स्थिती जागोजाग दिसते. तिन्हीसांजेला एखादी गाय परतली नाही, तर ती घळीत अडकली आहे, मुंबई-गोवा महामार्गावर जाऊन बसली आहे, की बिबट्याच्या तावडीत सापडली आहे, हे कळायला सकाळ उजाडते. गळ्यातील पट्ट्यात बसवलेला बिनतारी सेन्सर हा वेळ वाचवू शकतो, आणि त्याच पट्ट्यातून जनावराच्या प्रकृतीचीही कल्पना येऊ शकते. मात्र मोकळ्या सपाट माळरानासाठी योजलेली यंत्रणा जशीच्या तशी आणून डोंगरउतारावर, जांभ्याच्या सड्यावर आणि वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात बसवली, तर तिच्यावर विसंबून राहता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वीचा विचार येथे यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रश्न आधी, यंत्र नंतर

जनावर घरी आले का, ते या क्षणी कुठे आहे, आणि त्याची प्रकृती ठीक आहे का, हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाला लागणारे यंत्रही निराळे आहे. तिन्ही कामे करणारा पट्टा महाग पडतो, जड होतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते. म्हणून आपल्या गोठ्याची खरी अडचण कोणती, ते आधी घरच्या माणसांशी बोलून ठरवावे.

पुष्कळ कुटुंबांची अडचण पहिल्या प्रश्नानेच सुटते, असे माझे स्पष्ट मत आहे. दहा-पंधरा शेळ्या असतील, तर प्रत्येकीच्या गळ्यात कमी ऊर्जेवर चालणारा ब्लूटूथचा छोटा बिल्ला बांधावा आणि गोठ्याच्या दारावर त्याचा संदेश टिपणारे एकच ग्राहकयंत्र बसवावे. बिल्ला ठरावीक सेकंदांनी आपला क्रमांक प्रक्षेपित करतो. मोकळ्या जागेत तो काही दशक मीटरपर्यंत ऐकू येतो, चिऱ्याच्या भिंतीआड त्याहून कमी. सायंकाळी सातपर्यंत ज्या क्रमांकाची नोंद झाली नाही, ती शेळी बाहेर राहिली आहे. यात उपग्रहाचा संबंध नसल्याने नाण्याच्या आकाराची बॅटरी कित्येक महिने पुरते आणि बिल्ल्याचे वजनही नगण्य असते. आसपासच्या मोबाइलच्या मदतीने हरवलेली वस्तू शोधण्याचा जो बिल्ला असतो, तसल्या प्रकारावर मात्र भिस्त ठेवू नये. त्याला आजूबाजूला माणसांचे फोन लागतात आणि सड्यावर ते नसतात.

जनावर कुठे आहे हे कळण्यासाठी उपग्रहावरून स्थान घेणारा, म्हणजे जीपीएसचा, पट्टा लागतो. उघड्या सड्यावर त्याची चूक काही मीटरांचीच असते. पण आंबा-काजूच्या दाट बागेत किंवा खोल घळीत आकाशाचा तुकडाच दिसत असल्याने ती बरीच वाढते. ऊर्जेचा सर्वांत मोठा खर्चही याच भागाचा. दर पंधरा मिनिटांनी स्थान घेतले तर दिवसाचे ९६ संदेश होतात, आणि गाय दावणीला बांधलेली असतानाही ते जात राहतात. त्यामुळे पट्ट्यातील हालचाल मोजणारा भाग जागा ठेवून, जनावर चालू लागल्यावरच उपग्रहाकडे पाहायचे, अशी सोय असलेला पट्टा घ्यावा. गोठ्यात रात्री सहा तासांतून एकदा आणि चरताना वीस ते तीस मिनिटांनी एकदा, हे प्रमाण बहुतेकांना पुरते.

संदेश घरापर्यंत कसा पोहोचवायचा

पट्ट्यातच मोबाइलचे सिम असेल, तर वेगळा मनोरा लागत नाही, पण घळीतील वाड्यांमध्ये जेथे माणसाचा फोन लागत नाही, तेथे गाईचा पट्टाही मुका होतो. यावर लोरा हे बिनतारी तंत्र चांगला पर्याय आहे. कमी वेगाने, थोडी माहिती, फार कमी ऊर्जेत दूरवर पाठवणे हा त्याचा गुण. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा लहरींचा पट्टा ठरावीक शक्तीच्या मर्यादेत परवान्याशिवाय वापरता येतो. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेले ९१५ मेगाहर्ट्झचे यंत्र येथे चालवू नये, आणि ८६८ मेगाहर्ट्झ असा शिक्का असलेले यंत्र भारतीय वाहिन्यांवर लावता येते का, हे विकत घेण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

लोराचा संदेश मोकळ्या दृष्टीच्या रेषेत कित्येक किलोमीटर जातो, पण मध्ये डोंगराची सोंड आली की अडतो. त्यासाठी ग्राहकयंत्र, म्हणजे गेटवे, गावातील उंच जागी असावे: सड्याच्या कडेला असलेले घर, पाण्याची टाकी किंवा परवानगी मिळाल्यास शाळेची इमारत. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून एक पट्टा आणि एक गेटवे चाचणीसाठी मागावा, पट्टा हातात घेऊन गुरे ज्या वाटांनी जातात त्या सर्व वाटांनी स्वतः चालावे आणि कोणत्या ठिकाणी संदेश पोहोचला नाही, ते कागदावर नोंदवावे. व्हाळाच्या काठचे पाणवठे, करवंदीच्या जाळ्या आणि दुपारची सावली या ठिकाणी गुरे अधिक वेळ थांबतात. तेथे संदेश पोहोचणे सड्याच्या मध्यावर पोहोचण्यापेक्षा महत्त्वाचे आहे. ही चाचणी मे महिन्यात घेतली, तर संदेशाच्या ताकदीत निदान १० डेसिबलचा (ही ताकद मोजण्याचे एकक) वाव शिल्लक राहील असे पाहावे, कारण पावसाळ्यात झाडोरा वाढतो, भिजलेली पाने लहरी शोषतात आणि उन्हाळ्यात जेमतेम लागणारी जागा श्रावणात निसटते.

गेटवेला इंटरनेट आणि वीज दोन्ही लागतात. मुसळधार पावसात वीज जाणे नेहमीचे आणि त्याच दिवसांत सौर पत्रा पुरेशी ऊर्जा देत नाही, म्हणून बॅटरीची क्षमता तीन-चार ढगाळ दिवस पुरेल इतकी ठेवावी. उंचावर बसवलेल्या अँटेनावर मे आणि ऑक्टोबरच्या वळिवात वीज पडण्याचा धोका असतो. जांभा कोरडा पडला की विजेला सहज वाट देत नाही. त्यात नुसती सळई ठोकून अर्थिंग होत नाही. मातीचा थर खोल असेल तेथे खड्डा घेऊन, जाणकार वायरमनकडून अर्थिंग करून घ्यावे आणि अँटेनाच्या तारेवर सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत वळवणारा भाग, बसवावा.

पट्टा बांधताना

कोकण कपिला गाय आणि कोकण कन्याळ शेळी या कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंद असलेल्या जाती आहेत. कपिला लहान चणीची असते. मोठ्या संकरित गाईच्या मापाचा पट्टा तिच्या गळ्यात ढिला पडतो आणि फिरून सेन्सर खाली येतो. पट्ट्याचे एकूण वजन जनावराच्या वजनाच्या २ टक्क्यांहून पुष्कळ कमी ठेवावे. गाईच्या पट्ट्याखाली सपाट हात सहज सरकावा, शेळीच्या पट्ट्याखाली दोन बोटे. उपग्रहाचा भाग मानेच्या वर राहण्यासाठी पट्ट्याच्या खालच्या बाजूला वजन असावे. चामडे पावसात भिजून बुरशी धरते, म्हणून नायलॉनची जाड पट्टी बरी.

एक गोष्ट कधीही वगळू नये. शेळी कोवळ्या पाल्यासाठी करवंदीच्या जाळीत मान घालते, काटेरी फांदी पट्ट्यात अडकते, ती मागे ओढते आणि पट्टा आवळतो. असा पट्टा जोराच्या ओढीने आपोआप सुटला पाहिजे. पट्ट्याच्या दोन टोकांमध्ये कमी ताकदीची कडी किंवा सुती दोरीचा तुकडा ठेवावा आणि हाताने ओढून तो तुटतो का, हे बांधण्यापूर्वी पाहावे. पट्टा हरवला तर दुसरा घेता येतो.

गळ्यातील घंटा काढू नये. झाडीत जनावराच्या वीस मीटरपर्यंत सेन्सर पोहोचवतो, पुढचे काम घंटेच्या आवाजाचे.

प्रकृतीची माहिती कशी वाचावी

मानेवरील पट्ट्यातील त्रिअक्षीय प्रवेगमापक, म्हणजे तिन्ही दिशांतील हालचाल टिपणारा भाग, सेकंदाला अनेकदा हालचाल मोजतो. चरताना मान खाली असून झटके अनियमित असतात, तर रवंथ करताना जबडा मिनिटाला साधारण ५० ते ७० वेळा संथ लयीत हलतो आणि घास गिळून पुन्हा वर येईपर्यंत मध्ये क्षणभर थांबतो. ही लय ओळखून यंत्र रवंथाची, चरण्याची आणि निजण्याची मिनिटे मोजते आणि फक्त बेरीज पाठवते. निरोगी गाय दिवसातून सुमारे सात ते आठ तास रवंथ करते. पण हा आकडा चाऱ्यावर अवलंबून असल्याने एका गाईची दुसरीशी तुलना करण्यात अर्थ नाही. पेंढ्यावरची गाय अधिक वेळ रवंथ करते, कोवळ्या हिरव्या गवतावरची कमी. पट्टा बांधल्यावर पहिले दोन आठवडे इशारे बंद ठेवून फक्त नोंद होऊ द्यावी, तीच त्या जनावराची स्वतःची सरासरी. चारा बदलला की, म्हणजे जूनमध्ये पहिले हिरवे गवत आले आणि भातकापणीनंतर पुन्हा पेंढा सुरू झाला की, सरासरी नव्याने धरावी. नाहीतर मृगाच्या पहिल्या आठवड्यात साऱ्या गोठ्याचे खोटे इशारे येतील.

स्वतःच्या सरासरीहून रवंथ एका दिवसात पाव हिश्श्याने किंवा अधिक घटला, तर गोठ्यात जाऊन जनावर पाहावे. नाकपुडी कोरडी आहे का, डाव्या कुशीत फुगवटा आहे का, शेण कसे आहे, गोचीड किती आहेत, हे पाहून थर्मामीटर लावावा. गाईचे तापमान सर्वसाधारणपणे १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असते. कानातील सेन्सरचे तापमान पावसात भिजल्याने किंवा उन्हात उभे राहिल्याने फसवे येते, त्यावरून ताप ठरवू नये. पोटात राहणारी गोळी, जिला बोलस म्हणतात, अधिक विश्वासार्ह असते, परंतु ती पशुवैद्यकाकडूनच द्यावी लागते, गाईसाठी बनवलेली गोळी शेळीला देता येत नाही, आणि गाय पाणी प्याली की काही काळ तिचा आकडा घसरतो. लम्पी आजारात अंगावर गाठी येण्याआधी ताप चढतो. अशा वेळी ताप, घटलेला रवंथ आणि मंदावलेली चाल एकत्र दिसली, तर गाठींची वाट न पाहता जनावर वेगळे बांधावे. मागच्या आठवड्यात ते कोणाच्या गुरांबरोबर चरले, हे स्थानाच्या नोंदीतून कळते आणि शेजाऱ्यालाही वेळेत सांगता येते.

माज ओळखण्यासाठीही हीच नोंद उपयोगी पडते. माजावर आलेल्या गाईची चाल एकदम वाढते आणि रवंथ घटतो. हे चक्र सुमारे २१ दिवसांचे असते. सकाळी माज दिसला तर सायंकाळी आणि सायंकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी कृत्रिम रेतन करण्याची प्रथा आहे. म्हशीचा माज बहुधा मुका असतो आणि उन्हाळ्यात तर तो नजरेला पडतच नाही.

गोठ्यात उष्णता आणि आर्द्रता मोजणारा एक स्वस्त सेन्सर जनावराच्या डोक्याच्या उंचीवर, शेणकुटीपासून दूर टांगावा. ३२ अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेला उष्णता-आर्द्रता निर्देशांक सुमारे ८५ येतो, आणि संकरित दुधाळ गाईंना ७२ च्या पुढे ताण सुरू होतो असे धरले जाते. किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये हे रोजचेच आहे. पत्र्याखाली तर त्याहून वाईट. अशा दिवसांत सगळ्याच जनावरांचा रवंथ एकदम घटला, तर तो आजार नसून उकाडा असू शकतो, आणि उपाय पंखा, पाणी व सावली हा आहे.

इशारा कोणाला जावा

मुंबईतील मुलाच्या फोनवर नकाशा दिसणे चांगले, पण धावून जाणारा माणूस वाडीतच असतो. पहिला इशारा गोठ्यातील माणसाला, दुसरा शेजारच्या घरी आणि तिसरा चाकरमान्याला, असा क्रम ठेवावा. स्मार्टफोन वापरण्याची सवय नसलेल्यांसाठी साधा मराठी एसएमएस ठेवावा, आणि त्यात क्रमांकाऐवजी गाईचे व जागेचे ओळखीचे नाव असावे: “तांबू, देवळामागची घळ, ४० मिनिटे हालचाल नाही.” अक्षांश-रेखांश आजींच्या काही कामाचे नाहीत.

महामार्ग आणि कोकण रेल्वेच्या मार्गाच्या बाजूला नकाशावर आखलेली आभासी कुंपणाची रेषा, जी जनावराने ओलांडली की इशारा येतो, ती प्रत्यक्ष रस्त्यापासून निदान शंभर मीटर आत घ्यावी, कारण संदेश यायला आणि माणूस पोहोचायला वेळ लागतो. एका चुकीच्या स्थानामुळे मध्यरात्री कोणी डोंगर चढू नये, म्हणून लागोपाठ दोन स्थाने रेषेबाहेर आली तरच इशारा द्यायची अट घालावी. मात्र पहिले स्थान रेषेबाहेर येताच स्थान घेण्याचे अंतर आपोआप पाच मिनिटांवर यावे. बिबट्याचा वावर असलेल्या भागात अंधार पडल्यावर एकट्याने शोधायला जाऊ नये, इशारा कितीही स्पष्ट असला तरी. आणि स्थानाच्या नोंदींचा पासवर्ड वाटत फिरू नये. गुरे रात्री कुठे असतात, हे चोरालाही हवेच असते.

पावसाळ्यातील देखभाल

पट्टा निदान आयपी ६७ दर्जाचा (धूळ आणि पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) घ्यावा, पण तेवढ्याने खारी हवा थांबत नाही. किनाऱ्याजवळच्या गावांत चार्जिंगच्या पितळी किंवा तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि बॅटरी भरल्याचे दाखवूनही भरत नाही. महिन्यातून एकदा ती टोके कोरड्या ब्रशने घासून पुसावीत. आठवड्यातून एकदा पट्टा सोडून खालची कातडी हाताने चाचपावी. केस गेलेले, ओलसर किंवा दुखणारे ठिकाण दिसले तर पट्टा चार दिवस काढून ठेवावा, कारण पावसात अशा जखमेवर माशी बसून एका दिवसात अळ्या पडतात.

कानातील १२ अंकी पशुआधार बिल्ल्याचा क्रमांक आणि पट्ट्याचा क्रमांक एकाच वहीत समोरासमोर लिहावेत. आजाराचा इशारा खरा ठरला, तर पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ या क्रमांकावर फोन करताना हा बारा अंकी क्रमांक, थर्मामीटरचा आकडा आणि रवंथ कोणत्या वेळेपासून घटला, एवढे तयार ठेवावे. डॉक्टर आल्यावर त्यांना मागच्या तीन दिवसांचा आलेख दाखवावा आणि त्यांनी केलेले निदान त्याच वहीत तारखेसह नोंदवावे. पुढच्या वेळी इशाऱ्याची मर्यादा किती ठेवायची, हे त्या नोंदींवरूनच ठरवता येते.