एकट्या चढाईपटूवर संघ चालत नाही: बोनस आणि चालींची सरमिसळ कशी बसवावी

कोकणातल्या गावोगावच्या कबड्डी मंडळांत चित्र बहुधा एकच दिसतं. एक तगडा चढाईपटू आणि बाकीचे सहा त्याच्या भरवशावर. पहिल्या एक-दोन फेऱ्या यावर निघतात. पुढे समोरचा कोपरारक्षक त्याची चाल ओळखतो, त्याला बाहेर बसवतो आणि लोण चढतो, म्हणजे अख्खा संघ बाद होतो. चढाईत गुण मिळेल की नाही हे वेगापेक्षा बचाव कुठे उभा आहे यावर ठरतं. बचावाला जागेवरून हलवायला बोनससारखं, म्हणजे बोनस रेषेपलीकडे पाय टेकून मिळणाऱ्या गुणासारखं, दुसरं हत्यार नाही.

पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदानरेषा (चढाईपटूने ओलांडायलाच हवी ती) आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा असते. तिथून अंतिम रेषेपर्यंत उरतात १.७५ मीटर. बचावाने एवढ्याशा पट्ट्यात थांबायचं ठरवलं तर चढाईपटूला बोनस मिळतो. तो अडवायला कोपरारक्षक पाऊलभर पुढे आला, की त्याचा खांदा चढाईपटूच्या हाताच्या टप्प्यात येतो. म्हणून सुरुवातीच्या चढायांत बोनसचा प्रयत्न खरा हवा, नुसता पाय दाखवून कोणी हलत नाही. पाय रेषेच्या पूर्ण पलीकडे टेकला पाहिजे आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत हवा. नवशिक्यांचे बोनस नाकारले जातात ते मागचा पाय घासत राहिल्यामुळे. झटापट सुरू झाल्यावर रेषा ओलांडून काही मिळत नाही.

सरावासाठी चढाईच्या पहिल्या तीन पावलांच्या खुणा चुन्याने करा. त्यांवरून तीन शेवट बसवायचे: बोनस, धावत मध्यरक्षकाला हात, आणि वळून कोपऱ्याला मागची लाथ. तिसरं पाऊल पडताना बाहेरच्या माणसाने ‘एक’, ‘दोन’ किंवा ‘तीन’ ओरडायचं आणि चढाईपटूने तोच शेवट करायचा. दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. समोरच्या कोपरारक्षकाने आकडा ऐकण्याआधीच अंदाज सांगायचा. दहात पाच-सहा वेळा तो बरोबर येत असेल, तर कुठेतरी चुगली होतेय. बहुतेकदा नजर आधीच बोनस रेषेवर गेलेली असते, किंवा लाथेआधी खांदा वळलेला असतो.

समोर पाच किंवा कमी जण उरले की बोनस बंद. बचाव मागे सरकतो, घाई करत नाही, आणि बोनसवर जगणारा चढाईपटू इथेच अडतो. निदानरेषा तर ओलांडावीच लागते. इथे हात आणि लाथ लागते, आणि दुसरा चढाईपटू लागतो, तोही उलट्या बाजूचा. मुख्य चढाईपटू डावीकडून जात असेल तर त्याच्यासमोर त्यांचा उजवा कोपरा येतो. सगळ्या चढाया तिकडेच गेल्या तर त्यांचा डावा कोपरा सामनाभर ताजातवाना राहतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत तोच पकडी करतो. उजवीकडून जाणाऱ्याला रोज गुण मिळाले नाहीत तरी चालेल, त्या कोपऱ्याला त्याने बांधून ठेवलं तरी मुख्य चढाईपटूवर चारऐवजी तिघंच झेपावतात.

लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी निर्णायक, तिथे रिकामं परतणारा बाद. ही चढाई प्रत्येक वेळी मुख्य चढाईपटूच्या गळ्यात घालू नका. चढाईच्या ३० सेकंदांतली पहिली दहा-बारा, बचावपटूंची हात धरलेली साखळी कोणत्या बाजूने जुळतेय हे बघण्यात घालवा. घाईने स्पर्शाआधीच मैदानाच्या कडेच्या राखीव पट्ट्यात पाय पडला तर फुकट बाद. समोर तिघं किंवा कमी असतील तर पकडीला त्यांना एक जादा गुण मिळतो, हेही जाणाऱ्याला आधीच ठाऊक हवं.

डुबकी, म्हणजे वाकून बचावपटूंच्या हातांखालून निसटणं, शेवटी शिकवा. प्रो कबड्डीत गाजलेल्या प्रदीप नरवालची बघून पोरं पहिल्या आठवड्यापासून तीच मारायला जातात. साखळी हात धरून पुढे झेपावली तरच तिच्या हातांखालून वाट असते. बचाव मागे बसलेला असताना ती मारली तर सरळ त्याच्या मांडीवर जाऊन पडायचं.

किनाऱ्यावरची वाळू पायांच्या ताकदीला उत्तम, पण बोनसचं माप तिथे बसवू नका. मागचा पाय रुततो, उडी आखूड होते आणि मॅटवर गेल्यावर अंदाज चुकतो. जांभ्याच्या खडीच्या मैदानावर पाय वळवण्याचा सराव करण्याआधी माती चाळून, पाणी मारून, चोपून घ्या. आणि रात्रीच्या सामन्यांत मॅटवर दव उतरलं की धावत हात मारण्यापेक्षा उभ्याने बोनस सुरक्षित; शिवाय दर दोन-चार चढायांनंतर मॅट कोरडी पुसून घेण्याची मागणी आयोजकांकडे आधीच करून ठेवा.