लाखभराच्या बजेटमध्ये दमदार सेकंडहँड डर्ट बाईक कशी निवडायची

२०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगचा (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणारी बाईक रेस) पहिला हंगाम सुरू झाला तेव्हापासून मला ओळखीतल्या पोरांचा एकच प्रश्न असतो, लाख-सव्वा लाखात डर्ट बाईक मिळेल का, जुनी चालेल पण ताकद पाहिजे. परवा मावसभावाचाच फोन आला, "दादा, अडीचशे सीसीची इंपोर्टेड मोटोक्रॉस मिळतीये, कागद नाहीत पण लई भारी पळते, घेऊ का?" त्याला अर्धा तास फोनवर जे सांगितलं तेच जरा नीट लिहून ठेवतोय, कारण नीट न बघता जुनी गाडी घ्यायच्या चुकीचे पैसे मी स्वतः एकदा भरलेत.

आधी ताकदीचं बोलू. कागदावरचे पीएस (एचपीसारखंच ताकद मोजायचं माप) बघून डर्ट बाईक घ्यायची नसते. मुळशीच्या बाजूला किंवा पानशेतच्या आतल्या मुरमाच्या चढावर तुम्ही किती वेळ ४० च्या वर असता? सगळा खेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असतो. तिथे लागते ती खालच्या आरपीएमला मिळणारी ओढ, आणि ती ओढ जमिनीला लागावी म्हणून नीट काम करणारं सस्पेन्शन आणि धड टायर. त्यामुळे तेवढ्याच पैशात मोठ्या सीसीची दमलेली गाडी आणि छोट्या सीसीची ठणठणीत गाडी समोर असतील तर डोळे झाकून दुसरी घ्या. छोटं पण निरोगी इंजिन चढावर थकलेल्या मोठ्या इंजिनाला मागे टाकतं, हे मी कितीतरी वेळा बघितलंय.

आता मावसभावाच्या मोटोक्रॉसचं. या रेसच्या गाड्या खरंच जबरदस्त असतात, ४५० वाल्या तर ५० एचपीच्या पुढे जातात आणि वजन रोडवरच्या हिरो एक्सपल्सपेक्षा कितीतरी कमी, पण त्यांना हेडलाईट नसतो, पासिंग होत नाही, म्हणजे ट्रॅकपर्यंत न्यायची तरी दर वेळी पिकअप किंवा टेम्पो लागणार. आणि यांच्या मेंटेनन्सचा हिशोब किलोमीटरमध्ये नसतो, तासांमध्ये असतो. पिस्टन-रिंग ठरावीक तासांनी बदलायचे, ऑइल तर त्याच्याही कितीतरी आधी. पार्ट बाहेरून मागवायचे, त्याची किंमत आणि वाट बघणं दोन्ही आलं. त्यात बाहेरून आलेल्या गाडीला कस्टमचं बिल ऑफ एंट्री नसेल तर ती गाडी कुठून आली हे तुम्ही कुणालाच सिद्ध करून दाखवू शकत नाही. लाखभराचं बजेट असणाऱ्याने या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग राहतात रोडवर चालणाऱ्या, पासिंगवाल्या गाड्या.

हिरो इम्पल्स २०११ ला आली, दीडशे सीसी, कार्बोरेटर, सस्पेन्शन लांब, वजनाला हलकी. शिकायला फार गुणी गाडी, पण बंद होऊन बरीच वर्षं झाली, बॉडीचे पार्ट हुडकत बसावं लागतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, तेव्हा २०११-१२ च्या इम्पल्सची मुदत २०२६-२७ मध्ये संपतेय. आरसीवरची तारीख बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. दुसरी गोष्ट, "दमदार इम्पल्स" म्हणून ज्या विकायला येतात त्यातल्या कित्येकांना करिझ्माचं २२३ सीसीचं इंजिन बसवलेलं असतं. पळायला मस्त, नाकारत नाही, पण आरसीवर इंजिन नंबर जुनाच असतो आणि खाली ब्लॉकवर वेगळाच. ट्रान्सफर अडकेल, अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील, पोलिसांनी थांबवलं तर उत्तर तुम्हाला द्यायचंय, ज्याने बसवलं त्याला नाही.

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ ला ३२ एनएम टॉर्क आहे, खालून ओढ छान, पण वजन दोनशे किलोच्या घरात. ताम्हिणीच्या बाजूला पावसाळ्यात एकटे असताना ती चिखलात आडवी झाली की उचलताना कंबर बोलते. केटीएम ३९० ॲडव्हेंचर, म्हणजे २०२५ च्या आधीची, ४३ पीएसची, पण पुढे १९ आणि मागे १७ इंची चाक, जास्त करून अलॉय, दगडात रिम वाकली किंवा तडकली की खर्च अंगावर येतो. लांबच्या प्रवासाला दोन्ही चांगल्या. उड्या मारायला, चिखलात शिकायला नाहीत.

माझ्या मते या बजेटमध्ये उत्तर एकच, हिरो एक्सपल्स २००. पुढे २१, मागे १८ चं तारांचं चाक, पुढे १९० मिमी आणि मागे १७० मिमी सस्पेन्शन ट्रॅव्हल, वजन दीडशे-एकशे साठच्या आसपास, आणि पार्ट पुण्याच्या नाना पेठेत सहज मिळतात. पहिली आली २०१९ ला, मग २०२० ला बीएस ६ ऑइल कूलरवाली, ऑक्टोबर २०२१ ला फोर व्हॉल्व्ह, १९.१ पीएसची. टू व्हॉल्व्ह आणि फोर व्हॉल्व्हमध्ये कागदावर फरक साधारण १ पीएसचाच, म्हणून फोर व्हॉल्व्हसाठी ताणून पैसे देण्यापेक्षा चांगल्या हाताखालची टू व्हॉल्व्ह घ्या आणि उरलेले पैसे टायर आणि बुटांना लावा. एक्सपल्सचंच प्रो मॉडेल किंवा रॅली किटवाली मिळाली तर सस्पेन्शन फारच वरच्या दर्जाचं, पण प्रोची सीट ८९१ मिमी उंच आहे, उंची साडेपाच फूट असेल तर आधी बसून बघा, चढावर थांबल्यावर पाय टेकला नाही की गाडी पडलीच.

बजेटचा हिशोब असा धरा की खिशात १ लाख असतील तर गाडी ७५-८० हजारांचीच शोधायची. बाकीचे चेन स्प्रॉकेट, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) सील, बॉल रेसर (हँडलचं बेअरिंग), टायर, ट्रान्सफर, इन्शुरन्स आणि सगळ्यात आधी हेल्मेट, नी गार्ड, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट यासाठी. बूट नंतर घेऊ म्हणणारी पोरं प्लास्टर घालून घरी बसलेली बघितलीत.

आता गाडी बघायला गेल्यावर काय करायचं. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, गाडी धुवू नका आणि मी येईपर्यंत चालू करू नका. वॉशिंग सेंटरवरून चकचकीत करून आणलेल्या गाडीवर ऑइल कुठून झिरपतं हे दिसतच नाही. गेल्या गेल्या इंजिनाला हात लावा, गरम असेल तर आधी स्टार्ट करून ठेवलीये, का ठेवलीये ते विचारा. थंड इंजिन चालू करताना निळसर धूर आला आणि लगेच थांबला तर व्हॉल्व्ह सीलकडे बघावं लागेल, पण रेस दिल्यावर निळा धूर येतच राहिला तर रिंगा गेल्या. पहाटेच्या थंडीत थोडी पांढरी वाफ येते, त्याला घाबरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, एअर फिल्टर. २०१६ ला मी हडपसरहून पहिली इम्पल्स घेतली, रंग नवा, सीट नवी, किलोमीटर कमी, आवाजही बरा वाटला, फिल्टर बघायचं सुचलंच नाही. दोन महिन्यांत ऑइल पिऊ लागली. मेकॅनिक काकांनी फिल्टरचा डबा उघडून मला बोट आत फिरवायला सांगितलं, फिल्टरच्या अलीकडे नाही, पलीकडे, जिथून हवा इंजिनात जाते तिथे. बोटावर तांबूस पीठ आलं, अंगठ्याने चोळलं तर कचकच. ते म्हणाले, "हे पीठ दोन वर्षं तुझा पिस्टन घासत बसलंय बघ." आधीच्या मालकाने फिल्टर फाटलेलाच ठेवून गाडी मुरमात पळवली होती. ब्लॉक, पिस्टन, मजुरी धरून १६ हजार गेले आणि त्या वेळी ते माझ्यासाठी खूप होते. तेव्हापासून मी पाना घेतल्याशिवाय गाडी बघायला जात नाही. नळीच्या आतल्या बाजूला बोटाला रेती लागली तर किंमत पाडायच्या भानगडीतही पडू नका, दुसरी गाडी बघा.

ऑइल भरायचं झाकण उघडा. आत ऑइल जास्त दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर ओढ्यात इंजिनाने पाणी घेतलंय. इंजिनाचे बोल्ट बघा, डोक्यावरचा रंग उडालेला असेल, कडा झिजलेल्या असतील तर इंजिन खोललेलं आहे. खोललेलं असणं वाईट नाही, बिल दाखवलं तर उलट चांगलंच, लपवलं तर वाईट.

मग पुढचं चाक हवेत घ्या, बॅश प्लेटखाली (इंजिनाच्या खालचा पत्रा) दोन विटा किंवा दुधाचा क्रेट लावला की होतं. चाक फिरवा आणि रिमजवळ काडेपेटीची काडी स्थिर धरा, रिम आउट असेल तर अंतर कमी-जास्त होताना दिसतं. नंतर पान्याने एकेका तारेवर हळूच टिचकी मारत जा. कसलेली तार टण्ण वाजते, ढिली थप्प करते. एक-दोन थप्प चालतील, पण ओळीने चार-पाच ढिल्या असतील तर चाक दगडावर जोरात बसलेलं आहे, तिथली रिम बोटाने चाचपून बघा, पोचा लागतोच. चाक हवेत आहे तोवर फोर्क खालून धरून पुढेमागे हलवा, टकटक जाणवली तर बॉल रेसर. फोर्कच्या पाइपवर ऑइलची रिंग दिसली तर सील गेलं, ते स्वस्तात होतं, पण पाइपच्या क्रोमवर खड्डे असतील तर नवीन सील पण थोड्याच दिवसात फाटणार. मागे स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) धरून आडवा हलवा, खेळ नको. स्प्रॉकेटचे दात विळ्यासारखे वळले असतील तर चेन सेटचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.

फ्रेम सावकाश बघा, टॉर्च मारून. हँडलच्या नळीच्या खालचे जोड, फूटरेस्टचे जोड, मागची सबफ्रेम. तिथेच ताजा काळा रंग मारलेला असेल आणि बाकी फ्रेम जुनी असेल तर त्याखाली वेल्डिंग आहे असंच समजा. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३२१ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. टायरची नक्षी बरी दिसत असली तरी रबर कडक झालेलं असू शकतं, नख रुतवून बघा.

टेस्ट राइड सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारून होत नाही. ओळखपत्र, दुसरी गाडी, काय लागेल ते विकणाऱ्याकडे ठेवा, हवं तर त्याला मागे बसवा, पण बोपदेव घाटासारखा चढ गाठा. चौथ्या गिअरमध्ये कमी स्पीडला ॲक्सिलेटर पूर्ण उघडा, इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी ओढत नाहीये असं झालं तर क्लच प्लेट संपल्यात. वर पोचल्यावर बंद करून पाच मिनिटांनी परत चालू करा, गरम इंजिन एका सेल्फवर उठलं पाहिजे. उतारावर दोन्ही हात क्षणभर सैल सोडा (सोडून देऊ नका, फक्त सैल), गाडी एका बाजूला ओढत असेल तर फोर्क किंवा फ्रेम वाकलीये.

मोठा सायलेन्सर, लाइटींच्या माळा, क्रॅश गार्ड याला एक रुपया जास्त देऊ नका. मॉडिफाइड सायलेन्सर पुण्यात वाहतूक पोलीस काढून घेतात, तेव्हा ओरिजिनल सायलेन्सर सोबत मागूनच घ्या.

कागदात शॉर्टकट नको. इंजिन आणि चेसिस नंबर स्वतः आरसीशी जुळवा. ट्रान्सफरला २९ आणि ३० नंबरचे फॉर्म, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म, दुसऱ्या राज्यातली असेल तर २८ नंबरची एनओसी आणि इथला टॅक्स. गाडीच्या नंबरवरची सगळी चलनं विकणाऱ्याकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागलीये का बघा. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत नावावर करायचा. "सही करून फॉर्म देतो, नंतर कधीही करा" असं कुणी म्हटलं तर पूर्ण पैसे देऊ नका, एमएच १२ असो की एमएच १४, त्याच्यासोबत आरटीओत जाऊनच काम संपवा.

गाडी घरी आली की ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड आधी. मग ताकदीचं सगळ्यात स्वस्त काम, पुढचा १३ दातांचा स्प्रॉकेट काढून १२ चा टाका. मागच्या चाकावरची ओढ साधारण ८ टक्के वाढते, टॉप स्पीड तेवढाच कमी होतो, आणि मुरमाच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये दम तोडणारी गाडी तशीच वर जाते. टायरची हवा मातीत थोडी कमी करा, परत येताना भरून घ्या. आणि सरावाला वेताळ टेकडी किंवा तळजाईवर गाडी घालू नका, तिथे सकाळ-संध्याकाळ म्हातारी माणसं आणि लहान पोरं चालायला येतात. शहराबाहेर ओळखीच्या कुणाचं मोकळं रान असेल तर विचारून परवानगी घ्या आणि पहिला महिना तिथेच फूटरेस्टवर उभं राहून चालवायला शिका. मावसभावाने शेवटी २०२० ची टू व्हॉल्व्ह घेतली, फिल्टरच्या नळीत बोट फिरवून मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं, बोट कोरडं आणि स्वच्छ होतं.