ग्रुप आयसीए: या चुका टाळा

ग्रुप आयसीए म्हणजे अनेकांच्या एफएमआरआयमधून (मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनमधून) एकत्र काम करणारे मेंदूचे भाग, म्हणजे नेटवर्क्स, वेगळे काढायची गणिती पद्धत. ती वापरणाऱ्यांची सगळ्यात लाडकी चूक म्हणजे रुग्णांचं आयसीए वेगळं, कंट्रोलचं (तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांचं) वेगळं, आणि मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवून ‘फरक सापडला’ म्हणायचं. बऱ्याचदा तो फरक आजाराचा नसतोच. एका गटात डिफॉल्ट मोड नेटवर्क (माणूस निवांत असताना सक्रिय असणारं नेटवर्क) एकसंध येतं, दुसऱ्यात त्याचे पुढचा आणि मागचा असे दोन तुकडे पडतात. मग नुसता मागचा तुकडा तुलनेला घेतला, की पुढचा भाग आजारात ‘गायब’ झालेला दिसणारच! शिवाय आयसीएतून निघणाऱ्या घटकांचा (वेगळ्या काढलेल्या नकाशांचा) क्रम आणि अधिक-उणे चिन्ह दर वेळी बदलू शकतं. इकडचा सातवा तो तिकडचा सातवा नव्हे.

सगळ्यांचे स्कॅन एकापुढे एक जोडून एकच आयसीए चालवा, मग त्या सामायिक नकाशांच्या साच्यावरून ड्युअल रिग्रेशन या पद्धतीने प्रत्येकाचे नकाशे काढा. रुग्ण ३० आणि कंट्रोल ६० असतील तर साचा कंट्रोलकडे झुकतो. साच्यासाठी ३०-३० घ्या, ड्युअल रिग्रेशन मात्र ९० जणांवर करा. आणि ड्युअल रिग्रेशनला फक्त आवडीची नेटवर्क्स देऊ नका. गोंगाटाचे घटकही सोबत हवेत, नाहीतर तो गोंगाट तुमच्या नेटवर्कच्या माथी बसतो.

दुसरी चूक इतकी साधी, की कुणी तपासतच नाही. फायली ज्या क्रमाने दिल्या, त्याच क्रमाने डिझाइन मॅट्रिक्सच्या (कोण रुग्ण, कोण कंट्रोल हे सांगणाऱ्या तक्त्याच्या) ओळी लागतात. शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) स्टार टाकून यादी घेतली की १ नंतर १०, मग ११. २ पार खाली. एक्सेलमध्ये मात्र १, २, ३. ओळींची संख्या जुळते, म्हणून प्रोग्रॅम हूं की चूं करत नाही. रुग्णाच्या मेंदूवर कंट्रोलचा शिक्का बसतो, निकाल कोरा येतो, आणि मंडळी स्मूदिंग (स्कॅन किती पुसट करायचा ते) बदलत बसतात. नावं पहिल्यापासून ००१, ००२ अशीच द्या. यादी एकाच टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, मॅट्रिक्सही तिच्यावरूनच बनवा. तरीही मधल्या चार-पाच ओळी डोळ्यांनी ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

एफएसएल या मेंदू-स्कॅनच्या सॉफ्टवेअरच्या ‘कॉर-पी’ नकाशात १ वजा पी असतो (पी म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल येण्याची शक्यता), म्हणून ०.९५ च्या वरचं बघायचं. पण त्यातली अनेक तपासण्यांसाठीची दुरुस्ती व्हॉक्सेलपुरती (स्कॅनमधल्या बारीक ठोकळ्यांपुरती), नेटवर्कच्या संख्येची नाही. २० नेटवर्क्स दोन्ही दिशांनी तपासलीत तर बॉनफेरोनीने (हद्दीला तपासण्यांच्या संख्येने भागायच्या नियमाने) हद्द ०.०५ भागिले ४०, म्हणजे ०.००१२५. घाईने ५०० परम्युटेशन (गटांचे शिक्के उलटसुलट करून पुन्हा मोजणं) चालवणाऱ्यांचा सगळ्यात लहान पी असतो ०.००२, ती हद्द त्यांना कधीच गाठता येणार नाही. ५००० चालवा, रात्रभर लागले तर लागू देत.

घटक किती? मोठी नेटवर्क्स हवी असतील तर २० ते ३०. बारीक तुकडे हवे असतील तर ७० ते १००. निकाल पाहून आकडा बदलणं ही लबाडी.

हालचाल आयसीए आपोआप काढून टाकत नाही. मेंदूच्या कडेने कडं दिसलं, तर आधी एकेका व्यक्तीच्या डेटावर सफाई करा, मग ग्रुपकडे वळा.