शिबिराला निघण्याआधी

मानवी हक्कांचं आपलं निवासी प्रशिक्षण 10 डिसेंबरला सुरू होऊन 16 तारखेला दुपारी संपेल. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांना परतल्यावर घरी दोन-तीन दिवस मिळावेत, म्हणून तारखा अशा धरल्या आहेत. तयारीला मात्र आजच लागा. बॅग तासाभरात भरते, पण कागद जमवायला आणि त्याहून जास्त म्हणजे माणसांना विचारायला पंधरा दिवससुद्धा अपुरे पडतात.

पहिलं काम एक प्रकरण निवडण्याचं. एकच निवडा, आणि ज्याच्यासाठी तुम्ही स्वतः खेटे घातलेत, जे अजून अडून आहे, असं निवडा. पोलिसांनी फिर्याद घेतली नाही, वनहक्काचा दावा उपविभागीय समितीत पडून आहे, जातपंचायतीनं एखाद्या घराला वाळीत टाकलं, अडलेल्या बाईला दवाखान्यातून परत पाठवलं, यातलं काहीही चालेल. गाजलेलं प्रकरण शक्यतो नको. त्यावर सगळ्यांचं मत तयार असतं आणि आतली माहिती कुणाकडेच नसते.

त्या प्रकरणाचा घटनाक्रम एका पानावर तारीखवार लिहा. तीन रकाने आखा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात काय घडलं, आणि तिसऱ्यात ते तुम्हाला कसं कळलं: स्वतः पाहिलं, जिचं प्रकरण आहे तिनं सांगितलं, की शेजारणीकडून ऐकलं. हा तिसरा रकाना रिकामा ठेवू नका. तथ्यशोधनाचा आमचा पूर्ण दीड दिवस त्याच रकान्यावर चालतो. ऐकलेली गोष्ट पाहिली म्हणून लिहिली, की उलटतपासणीत सगळं प्रकरण ढासळतं आणि त्याची किंमत आपण नाही, ते कुटुंब मोजतं.

सोबत कागदांच्या झेरॉक्स आणा: फिर्यादीची प्रत, वैद्यकीय दाखला, दिलेले अर्ज आणि त्यांच्या पोच. फिर्यादीची प्रत फिर्याद देणाऱ्याला विनामूल्य मिळते. दिली नसेल तर यायच्या आधी जाऊन मागा. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक स्वच्छ दिसला पाहिजे. “अर्ज दिला होता ताई, पण पोच नाही घेतली,” हे वाक्य मी प्रत्येक शिबिरात ऐकते. तुमचंही तसंच असेल तर अजून वेळ आहे. तोच अर्ज नव्या तारखेनं पुन्हा द्या आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.

घटनेची तारीख आणखी एका कारणासाठी नीट बघा. मानवी हक्क संरक्षण अधिनियम 1993 प्रमाणे घटनेला एक वर्ष उलटलं की मानवी हक्क आयोगाला त्याची चौकशी करता येत नाही. दहा-अकरा महिने होऊन गेले असतील तर शिबिराची वाट पाहू नका, तक्रार आजच पाठवा. शुल्क लागत नाही, मराठीत लिहिलेली चालते. माहिती अधिकाराचा अर्जही आताच टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय. उत्तराची 30 दिवसांची मुदत शिबिराच्या मध्येच किंवा नंतर संपली तरी हरकत नाही, अपील कसं लिहायचं ते तुमच्याच अर्जावर शिकू. कुणाच्या जिवाचा किंवा सुटकेचा प्रश्न असेल तर हीच मुदत 48 तासांची होते, आणि तसा उल्लेख अर्जात वरच करा.

जुन्या शिबिरांच्या वह्या आणा, पण त्यातली कलमं डोळे झाकून पाठ करू नका. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे बदलले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं फिर्याद नोंदवण्याचं कलम 154 आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 173 झालं आहे. हद्द आपली नाही या सबबीवर फिर्याद नाकारता येत नाही, हे आता त्या कलमातच लिहिलेलं आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी, तिथेही नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे, हा रस्ता मात्र तोच आहे. गुन्हा त्या तारखेच्या आधी घडला असेल तर त्याला जुन्या दंडसंहितेचीच कलमं लागतात, म्हणून तारीख लाल पेनानं गोल करून आणा. प्रकरण ॲट्रॉसिटीचं असेल तर तपास कोणत्या दर्जाचा अधिकारी करतो आहे तेही लिहून आणा. उपअधीक्षकापेक्षा खालचा असेल तर तिथेच बोट ठेवता येतं.

आता संमतीविषयी. यावर मी जरा थांबणार आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी स्वतः शिबिरार्थी असताना एका बाईचं प्रकरण घेऊन गेले होते. चाळीस जणांसमोर मी ते गावाच्या नावासकट, आडनावासकट मांडलं. त्याच तालुक्यातल्या कुणीतरी रात्री घरी फोन केला. मी परतायच्या आत गावात चर्चा सुरू झाली होती. ती बाई पुढे माझ्याशी कधी बोलली नाही. चूक पूर्णपणे माझी होती, मी तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून त्या व्यक्तीला भेटा आणि साध्या शब्दांत सांगा: मी शिकायला चालले आहे, तिथे तुझी गोष्ट सांगू का? किती सांगू? काय सांगायचं नाही? तिनं नको म्हटलं तर दुसरं प्रकरण शोधा, तिची समजूत घालू नका. हो म्हटलं तरी नाव, गाव, शाळा, हुद्दा, सगळं बदला आणि फोटो आणू नका. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे. हा नियम आपल्याच मातीतून आला. 26 मार्च 1972 रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्यात, मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. उच्च न्यायालयानं दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली. त्यावर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ओळख छापण्यावरची बंदी त्याच दुरुस्तीत आली. हे प्रकरण वाचून या, त्यावर आपण एक पूर्ण दुपार घालवणार आहोत.

जे पुढे गावात, बचतगटात, शाळेत शिकवणार आहेत, त्यांनी दहा मिनिटांचं एक सत्र बसवून आणावं. संविधानातला एकच अनुच्छेद घ्या: 14, 15, 17, 21 किंवा 22. अट एवढीच की “कलम” आणि “अनुच्छेद” हे शब्द वापरायचे नाहीत आणि बोली तुमच्या घरातली हवी. 17, म्हणजे अस्पृश्यताबंदीचा, घेतलात तर महाडच्या 1927 च्या सत्याग्रहापाशी जरूर या, पण सुरुवात तुमच्या गावच्या आजच्या पाणवठ्यापासून करा. आपल्या भाषेत “हक्काचं माणूस”, “हक्काची भाकरी” असं बायका रोज म्हणतात. हक्क ही कल्पना त्यांना नवी नाही, सरकारी कागदावरची भाषा नवी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात आधी फक्त पुरुषवाचक शब्द होता. तिथे सगळी माणसं यावीत असा शब्द घालायला हंसा मेहतांनी लावलं, त्या मुंबई प्रांतातून संविधान सभेत गेल्या होत्या. गावात “तिचा माणूस” म्हणजे तिचा नवरा. मग “माणूस म्हणून हक्क” हे तुम्ही कसं सांगाल, त्याचा विचार करून या.

बाकीचं थोडक्यात. पहाटे गारठा असतो, पांघरूण जाडसर आणा. रोजची औषधं सात दिवसांची. तिकिटं जपून ठेवा, प्रवासखर्च मिळेल. फोनला लॉक लावा आणि पीडितांचे फोटो गटांवर पडले असतील तर काढून टाका. तान्हं बाळ असलेल्यांनी बाळासोबतच यावं, सांभाळायला दोघी आहेत. तिसरा दिवस जड जातो, अनेकांच्या स्वतःच्या जखमा तेव्हा वर येतात. ज्याच्याशी मोकळेपणी बोलता अशा एका माणसाला आधीच सांगून ठेवा की त्या रात्री फोन करीन.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्या घरी एकदा जाऊन या. मूळ कागद झेरॉक्ससाठी घेतले असतील तर ते मोजून परत द्या. शेवटी तिला विचारा, तुझ्या वतीनं तिथे काय विचारू? ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून आणा. 10 तारखेच्या सकाळी आपण तीच पानं उघडून बसणार आहोत.